हिरव्या पडद्यावरचा चुडा

१

नवरीचा डावा हात मनगटापाशी तुटला होता. कोपरापासून थोडा हात, मग मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेत काश्मीरचे ट्युलिप डुलताहेत, आणि त्याच्या पुढं मेंदी काढलेला नुसता पंजा हवेत तरंगत पदर सावरतोय.

"काय करू मी ह्याचं!" म्हणत नीलमनं माऊस आपटला. सकाळपासून तो तिसऱ्यांदा आपटला जात होता आणि त्या बिचाऱ्याची ह्यात काहीच चूक नव्हती.

चूक होती साईराजची. साईराज म्हणजे बेळगावात शहापूरला, भांड्यांच्या दुकानावर असलेल्या फोटो स्टुडिओचा मालक. निपाणीहून आलेल्या नीलमला मोबाइलवर व्हिडिओ जोडता येतात, एवढं बघून चार महिन्यांपूर्वी त्यानं तिला एडिटर करून टाकलं होतं. काल त्यानं एका नवरीला हिरव्या कापडापुढं चालवून शूटिंग केलं आणि आज सकाळी फायली नीलमच्या गळ्यात घातल्या. "सोपं हाय गं. एक क्लिक करायचं, हिरवं सगळं जातंय. तिथं बाग घालायची."

हिरवं सगळं गेलं, ही गोष्ट खरी. पण मराठी नवरीच्या हातात काय असतं, तर हिरवा चुडा! कॉम्प्युटरला कापडाचं हिरवं कोणतं आणि सौभाग्याचं हिरवं कोणतं हे कुठून कळणार? त्यानं दोन्ही सारख्याच इमानदारीनं कापलं.

"अण्णा, निळं कापड का लावलं न्हाईसा?"

"पाच वर्सं झाली, हेच कापड हाय माझ्याकडं."

"मग बांगड्या तरी काढाय सांगायच्या."

"लग्नाचा भरलेला चुडा काढा म्हणून सांगू? तोंडात मारतील माझ्या!"

त्यातून कॅमेरा चालता. नवरीबरोबर कॅमेरा सरकतो, मग मागची बागही तेवढीच सरकली पाहिजे, नाहीतर नवरी बर्फावरून घसरत चाललेली दिसते. त्यासाठी नीलमनं शूटिंगच्या आधी कापडावर लाल चिकटपट्टीच्या बारा फुल्या मारून ठेवल्या होत्या. कॉम्प्युटर त्या फुल्यांचा माग काढतो आणि त्या मापानं बाग हलवतो. निदान व्हिडिओ बघून तिनं जे शिकून घेतलं होतं त्यात तरी तसं होतं. इथं नवरी पुढून गेली की फुली झाकली जायची, माग सुटायचा आणि अख्खी बाग टुणकन उडी मारायची. ते बघून साईराज म्हणाला होता, "भूकंप झालाय व्हय काश्मिरात?" आणि हसत खाली निघून गेला होता. नीलमला रडायला आलं होतं.

एका क्लिपमध्ये तर कमालच होती. सगळ्या बांगड्या गेल्या, पण एक बांगडी काही केल्या जाईना. ती घालवायला जावं तर शालूचा काठही उडायचा. बांगड्या परत आणायच्या कशा हेच कळत नव्हतं, आणि ही एकटी जायला तयार नव्हती.

नवरी निवेदिता, टिळकवाडीच्या रघुवीर वकिलांची मुलगी. लग्न रविवारी. रिसेप्शनला मोठ्या पडद्यावर ती ट्युलिपमधून चालत येताना दाखवायची, ही तिच्या होणाऱ्या नणंदेची, कल्याणीताईंची हौस. आज शुक्रवार. उद्या संध्याकाळी व्हिडिओ द्यायचा होता.

साईराज धापा टाकत जिना चढून आला. आता तो हसत नव्हता.

"नीलम, ती गुणाबाई कासारीण तुझ्याच गावची न्हवं?"

"व्हय. मीच तिचं नाव सुचवलंतं. का?"

"नवरीच्या डाव्या हातातली सोन्याची पाटली गेली. काल हितनंच. आणि चोर म्हणून तिचं नाव आलंय."

२

गुणाबाईनं नीलमच्या आईच्या हातात बांगड्या भरल्या होत्या, दोन्ही मावश्यांच्या भरल्या होत्या. कासारणीचा धंदाच असा की ती परक्या घरात थेट आत जाते, बायकांचे हात आपल्या हातात घेते, आणि त्या हातांत सोनं असतं. तिच्यावर एकदा चोरीचा बोल आला की कुठल्याच दारात तिला कुणी उभं करत नाही. तीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जातं.

आणि ते जायला लागलंच होतं. साईराजनं मोबाइल पुढं केला. दोन्ही घरांच्या लग्नाच्या ग्रुपवर कल्याणीताईंनी रात्रीच बोलून पाठवलं होतं: "निपाणीची ती बांगड्या भरणारी गुणाबाई, तिच्यापासून सगळ्यांनी सावध राहा. निवेदिताच्या हातातली आमच्या आईची पाटली तिनंच काढून घेतली." त्या ग्रुपमध्ये एकशे चाळीस माणसं होती. निपाणीचीही होती.

"वकीलसाहेबांनी तिला चार वाजता हितं बोलीवलंय," साईराज म्हणाला. "पाटली दिली तर दिली, न्हायतर पाचला तक्रार."

नीलमचं डोकं भणभणलं. काल ती इथं नव्हतीच. फुल्या मारून, दुसऱ्या लग्नाचे अल्बम घेऊन ती खानापूरला गेली होती. "काल काय काय झालं ते नीट सांगा, अण्णा. मधलं काय गाळू नका."

साईराजनं सांगितलं ते असं. शूटिंग दहाला सुरू झालं. खोलीत तिघंच, निवेदिता, कल्याणीताई आणि कॅमेरा घेतलेला साईराज. मधेच निवेदिताचा हात लाइटच्या स्टँडवर आपटला आणि डाव्या हातातली एक बांगडी वाढवली. (नवरीची बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, साईराजही म्हणाला नाही.) गुणाबाई आदल्या दिवसापासून वकिलांच्या घरी पाहुण्यांना बांगड्या भरत होती. निपाणीला परत जाता जाता ती जेवणाच्या वेळी स्टुडिओत आली, दहा मिनिटांत नवी बांगडी भरली आणि बस गाठायला गेली. जेवणानंतर पुन्हा शूटिंग झालं. संध्याकाळी दागिने उतरवताना डाव्या हातात पाटली नव्हती.

"जेवणाच्या आधी हातात होती?"

"कल्याणीताई म्हणत्यात होती. मी काय नवरीच्या हाताकडं बघत बसू व्हय?"

नीलमनं गुणाबाईला फोन लावला. ती बेळगावला येणाऱ्या बसमध्येच होती. कंडक्टरचा आवाज, पोरांचा गलका, आणि त्यातून तिचा कापरा आवाज. "नीलू, मी बांगडी भरली तवा हातात पाटलीच न्हवती गं. उजव्यात व्हती, डाव्यात न्हाय. मला वाटलं, मी येणार म्हणून काढून ठिवली असंल. वकिलास्नी सांगितलं तर ते म्हणालं, चोर असंच बोलतोय."

फोन ठेवून नीलमनं पाचही क्लिपा एकामागून एक उघडल्या. तीन क्लिपांत पाटली दिसत होती, दोन क्लिपांत नव्हती. पण कोणती क्लिप कधीची? कॅमेऱ्याचं घड्याळ बंद पडलेलं; पाचही क्लिपांवर एक जानेवारी. फायलींची नावं साईराजनं दिलेली: 'नवरी', 'नवरी नवीन', 'नवरी चांगली', 'नवरी परत' आणि 'नवरी परत दोन'.

"अण्णा, ही कसली नावं!"

"कॉपी करताना सुचली तशी दिली. तीन सकाळच्या, दोन दुपारच्या असतील बघ. कल्याणीताईबी तसंच म्हणत्यात."

म्हणजे हिशेब सरळ होता. सकाळी पाटली होती, दुपारी नव्हती, आणि मधे गुणाबाईनं हात धरला होता. नीलमला तो सरळपणा मुळीच आवडला नाही, पण त्यात फटही सापडेना. तिनं उगाच पाटलीवर झूम केलं. हिरव्या कापडाची झाक सोन्यावर उतरली होती, ती काढली तर उजवी पाटली छान पिवळी झाली आणि डावी तांबूस. पुन्हा रंग जुळवला, तर डावी पिवळी झाली आणि उजवी पांढुरकी. एका जोडीच्या दोन पाटल्या आणि दोन रंग! आपल्याला साधं रंग जुळवणंही जमत नाही, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

गुणामावशीनं खरंच घेतली असेल तर? हा विचार मनात आला मात्र, नीलमला स्वतःचाच संताप आला. तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. नवरी स्वतः आली होती, आणि तिच्यामागं कल्याणीताई.

३

कल्याणीताई आल्या त्या व्हिडिओ बघायला. पंजा हवेत तरंगताना बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अहो, हे काय? भुताटकी आहे का?"

"काम चालू हाय अजून," नीलम दात आवळून म्हणाली. "ताई, बांगडी कशी वाढवली काल? मला ते कापताना उपयोग व्हईल." खोटं होतं, पण बरं जमलं.

निवेदिता साधी मुलगी, लगेच बोलायला लागली. "स्टँडला हात लागला. काच मनगटात रुतली आणि रक्त आलं. मला रक्त बघितलं की घेरी येते. ताईंनीच मागच्या मोरीत नेऊन हात धुतला, काचा काढल्या, रक्त थांबेपर्यंत रुमाल दाबून धरला. मी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून उभी होते."

"आणि मग?"

"मग जेवलो. का मधे आणखी चाललो, ताई? काल दिवसभर तेच ते चालणं, मला काही आठवेना."

"लगेच जेवायला बसलो," कल्याणीताई म्हणाल्या. "आणि जेवताना पाटली हातात होती. वरणाचा थेंब उडाला होता तिच्यावर, तो मी माझ्या बोटानं पुसला. शपथेवर सांगेन. त्यानंतर ती बाई आली."

"मी तर नंतर त्या हाताकडं बघितलंच नाही," निवेदिता पुटपुटली.

"वकीलसाहेब पाचला तक्रार देणार म्हणं," नीलमनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

कल्याणीताई चमकल्या. "तेच नको म्हणतेय मी! लग्नघर आहे. पोलीस, पंचनामा कशाला? तिनं आणून द्यावी, नाही दिली तर गेली म्हणायची. आमच्या आईची आहे, आम्ही बघू. माझ्या लग्नात मी घातल्या होत्या, आता निवेदिताला दिल्या. तुझ्या बाबांना जरा समजाव गं."

नीलमला नवल वाटलं. एकशे चाळीस माणसांत बाईचं नाव घ्यायला ह्यांना काही वाटलं नाही, आणि पोलिसांना मात्र नको. राग गिळून तिनं निवेदिताचा हात हातात घेतला. मनगटावर बारीक जखम, आणि वर चुडा. ती बोटानं बांगड्या मोजू लागली. अकरा. हिरव्यागार काचेला दोन्ही कडांना बारीक सोनेरी रेघ. पण मधली एक बांगडी वेगळी होती, जरा निळसर, मोरपंखी छटेची.

"ही अशी का?"

"ती कालची. गुणाबाईंच्या पेटीतल्या तसल्या संपल्या होत्या. म्हणाल्या, हिरवाच आहे, चालतंय."

दोघी गेल्या. जिन्यावरचा बांगड्यांचा आवाज थांबेपर्यंत नीलम तशीच बसून राहिली. मग तिला ती हट्टी बांगडी आठवली, जी काही केल्या जात नव्हती, आणि ती झटक्यानं स्क्रीनकडं वळली.

४

कॉम्प्युटर ज्या हिरव्यावर बोट ठेवाल तेच हिरवं कापतो. मोरपंखी हिरवं त्याला वेगळं वाटणारच. म्हणजे ती हट्टी बांगडी गुणाबाईनं नव्यानं भरलेली होती, आणि ज्या क्लिपमध्ये ती दिसते ती क्लिप नक्कीच जेवणानंतरची!

क्लिप होती 'नवरी परत'. पाटली नसलेल्या दोनपैकी एक. ठीक. ही दुपारची, ह्यात वाद नाही.

राहिली 'नवरी परत दोन'. मूळ क्लिपमध्ये बांगड्या मोजायच्या तर अशक्य; हिरव्या कापडापुढं हिरव्या काचा, त्यात हात हलता, सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं. नीलमनं ट्युलिपची बाग काढून टाकली आणि मागं नुसता लाल रंग भरला. सकाळपासून जिच्यावर ती चिडत होती तीच चूक तिनं आता मुद्दाम केली. चुड्याच्या जागी भोकं पडली, आणि प्रत्येक भोकातून लाल रंग दिसू लागला. काचेच्या कडांच्या सोनेरी रेघा तेवढ्या शिल्लक राहिल्या, त्यामुळं प्रत्येक बांगडी सुटी सुटी, लाल पट्टीसारखी उठून दिसली. हिरव्यात मिसळलेला अख्खा चुडा आता लहान पोरानंही मोजला असता.

निवेदिता पदर सावरायला हात वर घेते तिथं तिनं चित्र थांबवलं.

आधी पाटली असलेल्या तीन क्लिपा मोजल्या. प्रत्येकीत अकरा लाल पट्ट्या आणि मधे पाटली.

मग 'नवरी परत'. पाटली नाही. दहा लाल पट्ट्या आणि एक न गेलेली हिरवी. अकरा.

मग 'नवरी परत दोन'. पाटली नाही. तिनं पेनाचं टोक स्क्रीनला लावून एकेक पट्टी मोजली. पुन्हा मोजली. हात फिरतो तिथलं दुसरं चित्र काढून तिसऱ्यांदा मोजली.

दहा. मोरपंखी बांगडी नाही, आणि तिच्या जागी कुठलीच नाही.

खालच्या दुकानात कुणीतरी डबे रचत होतं. घड्याळात साडेतीन वाजले होते.

५

चारला सगळे जमले. रघुवीर वकील खुर्चीत, कल्याणीताई आणि निवेदिता बाकावर, साईराज दाराशी. गुणाबाई बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन खाली चटईवर बसली होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. नीलमनं आपली खुर्ची सरकवली, पण ती उठली नाही.

"साहेब, आधी हे बघा," नीलम म्हणाली. आवाज कापत होता आणि त्याचा तिला राग येत होता. "मला हे काम नीट येत न्हाई. हिरवं काढाय गेले तर चुडाबी गेला. पण त्यामुळं बांगड्या मोजता आल्या. मावशी, लग्नाचा चुडा भरलासा तवा डाव्या हातात किती?"

"अकरा. माझा नेमच हाय. डाव्यात अकरा, उजव्यात दहा."

"ह्या तीन क्लिपांत अकरा हायत, पाटली हाय. बांगडी वाढवायच्या आधीच्या ह्या. ही चौथी, अकराच, पण एक मोरपंखी. म्हणजे मावशींनी भरल्यानंतरची. हितं पाटली न्हाई." तिनं पाचवी क्लिप लावली. "आणि हितं दहा. एक वाढवलीया आणि नवी अजून भरलेली न्हाई. म्हणजे ही क्लिप बांगडी वाढवल्यानंतरची आणि मावशी यायच्या आधीची. आता पाटली बघा."

सगळे पुढं झुकले. लाल पट्ट्यांच्या मधे कातडी दिसत होती. पाटली नव्हती.

रघुवीर वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कशावरून? दुपारी आणखी एखादी बांगडी वाढवली असेल. तेव्हाही दहाच दिसणार."

"तसं असतं तर मोरपंखी दिसली असती, साहेब. ती हितं न्हाई."

"तीच वाढवली असेल तर?"

"ती ताईंच्या हातात हाय. आत्ता. मोजा तुम्ही."

वकिलांनी मुलीचा हात घेऊन खरंच मोजलं. मग हात सोडून ते पुन्हा स्क्रीनकडं वळले.

"मावशींनी हात धरला त्याच्या आधीच पाटली गेलती," नीलम म्हणाली. आता आवाज कापत नव्हता. "बांगडी वाढवल्यापासून ह्या शॉटपर्यंत अण्णा कॅमेऱ्यापाशी हुते. निवेदिताताई मोरीत डोळं मिटून हुत्या. आणि कल्याणीताई म्हणाल्या, आम्ही लगेच जेवायला बसलो, तर मधे हा शॉट झालाय. म्हणाल्या, जेवताना पाटलीवरचा वरणाचा थेंब पुसला. जी पाटली हातात नव्हती तिच्यावरचा थेंब कसा पुसला, ताई?"

कल्याणीताईंनी मान खाली घातली. मग त्यांनी पर्स उघडून एक रुमाल काढला. त्याच्या गाठीत पाटली होती.

"ताई!" निवेदिता ओरडली.

"चोरली नाही मी," कल्याणीताई म्हणाल्या. "बघा ना ती. नीट बघा."

पाटलीवर काचेचा लांब ओरखडा होता, आणि ओरखड्याच्या आत सोनं नव्हतं. तांबं होतं. मघाशी ज्या तांबूस रंगावरून आपण स्वतःला शिव्या दिल्या तो खराच होता, हे नीलमच्या आत्ता लक्षात आलं.

"वन ग्रॅमची आहे, वरून नुसतं सोन्याचं पाणी," कल्याणीताई सांगू लागल्या. "आईची खरी पाटली बारा वर्षांपूर्वी माझ्याकडून गोव्यात समुद्रात गेली. आईला सांगायची हिंमत झाली नाही. हुबेहूब करून घेतली आणि ठेवून दिली. काल काच घासली आणि वरचं पाणी निघालं. तुमच्या घरच्या बायका दागिने हातात घेऊन बघणार, माझ्या भावाला, चिन्मयला काय वाटेल, आईला काय वाटेल, मला काही सुचेना. मोरीत फिरकी काढून पाटली पर्समध्ये टाकली. संध्याकाळी सगळ्यांनी विचारलं, पाटली कुठं? आणि माझ्या तोंडून हिचं नाव गेलं."

"आणि रात्री ग्रुपवर? तेबी तोंडातनंच गेलं?" नीलमला राहवलं नाही. साईराजनं डोळे वटारले, तिनं तिकडं बघितलंच नाही.

रघुवीर वकील उठले. वकील माणूस, भांडण कुठं मिटवायचं ते त्यांना कळतं. "झालं ते झालं. कल्याणीताई, ग्रुपवर लिहून टाका, पाटली सापडली. दोन्ही घरांची अब्रू राहील. गुणाबाई, तुम्हालाही त्रास झाला, माफ करा. परवा लग्नाला या. विषय संपला."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कल्याणीताईंनी मोबाइल काढलासुद्धा. चटईवरून गुणाबाई तेवढी हलली नाही.

"सापडली म्हणू नका, साहेब," ती म्हणाली.

"का?"

"सापडली म्हटलं की लोक म्हणणार, पोलिसाचं नाव काढलं तशी तिनं आणून ठिवली. जलमभर म्हणणार. मग मी कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगू?"

इतका वेळ वकिलांच्या एवढं साधं कसं लक्षात आलं नाही, ह्याचं नीलमला नवल वाटलं आणि चीडही आली.

"खरं सांगितलं तर माझ्या आईला कळेल," कल्याणीताई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तिला बरं नसतं हो. लग्नाच्या तोंडावर..."

"माझ्या सुनंला कळलंय, बाई," गुणाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "सकाळी तिच्या म्हायेरनं फोन आलता. सासू चोरी करती व्हय म्हणून. ती माझ्याकडं बघंना झालीया."

निवेदिता उठली आणि बाकावरून येऊन चटईवर गुणाबाईच्या शेजारी बसली. आपल्या नणंदेकडं तिनं बघितलं नाही.

कल्याणीताईंनी मोबाइल तोंडाशी धरला, बटण दाबलं. "नमस्कार. काल मी पाटलीबद्दल बोलले होते, त्यात जरा गैरसमज झाला..." त्या थांबल्या. गुणाबाईकडं बघितलं, आणि बोललेलं स्वतःच पुसून टाकलं.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "मी कल्याणी बोलतेय. काल मी गुणाबाईंचं नाव घेतलं ते खोटं होतं. पाटली त्यांनी घेतली नाही. मी काढली, मी लपवली. ती पाटली खोटी आहे. आईची खरी पाटली बारा वर्षांपूर्वी माझ्या हातून हरवली, आणि ते कळू नये म्हणून मी एका निर्दोष बाईवर आळ घातला. आई, तू ऐकत असशील तर मला क्षमा कर. गुणाबाई, तुम्हीही करा."

बोट उचललं गेलं, आणि ते बोलणं एकशे चाळीस माणसांकडं निघून गेलं. कल्याणीताई पदरात तोंड घालून रडू लागल्या. वकील खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मोबाइल बाकावर तसाच पडून होता.

गुणाबाईकडं साधा बटणांचा फोन. तिनं नीलमला जवळ बोलावलं, बाकावरच्या मोबाइलकडं बोट केलं.

"नीलू, ते परत एकदा लाव गं. मोठ्यानं लाव."

नीलमनं आवाज पुरता वाढवला आणि लावलं. गुणाबाई पेटीवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून ऐकत राहिली. संपलं तरी तिनं मान वर केली नाही.

"अजून एकदा," ती म्हणाली.